स्वयंपाकाची वही: स्त्रियांच्या बौद्धिक इतिहासाचे एक साधन



मराठी स्त्रियांच्या विचारांचा इतिहास सांगायला उभे राहिले की काही नावे आपसूक ओठांवर येतात. सावित्रीबाई फुले आणि 1848 सालची शाळा, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 1882 सालची 'स्त्री-पुरुष तुलना', रमाबाई रानडे यांचे 1910 साली आलेले आठवणींचे पुस्तक. ही नावे घ्यायलाच हवीत. पण 1910 सालीच आणखी एका बाईंचे पुस्तक छापून आले होते, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र'. हजार पाकक्रिया देण्याची हमी त्याच्या नावातच होती. पुढे रमाबाईंचे पुस्तक अभ्यासकांच्या टेबलावर गेले आणि लक्ष्मीबाईंचे फडताळात. पहिल्याला आपण विचार म्हणतो, दुसऱ्याला स्वयंपाक. ही वाटणी कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे आज तपासून पाहायचे आहे. त्यातही छापील पुस्तकापेक्षा त्याच्या मागे असलेली हातची वही मला जास्त महत्त्वाची वाटते. शाळेच्या शंभर पानी वहीत, सावकाराकडून मिळालेल्या जुन्या डायरीत, कधी किराणा हिशेबाच्या मागल्या पानांवर लिहिलेली. या वहीत निरीक्षण आहे, पारख आहे, दुसऱ्याचे ऋण नोंदवण्याची रीत आहे आणि केलेली चूक दुरुस्त करण्याची सवय आहे. ज्ञान म्हणून आपण जे ओळखतो त्याची ही सगळी लक्षणे आहेत. ती एखाद्या वैद्याच्या बाडात सापडली तर आपण त्याला शास्त्र म्हणतो. मग बाईच्या वहीत सापडली तर काय म्हणायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रज घरांमधल्या हस्तलिखित पाककृतींच्या वह्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आणि वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात मोठ्या संख्येने जपलेल्या आहेत. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी त्या पाकशास्त्राच्या खात्यातून बाहेर काढून विज्ञानाच्या इतिहासात आणल्या. त्यांना तिथे काय दिसले? मुरंब्याशेजारी खोकल्याचा काढा, काढ्याशेजारी शाई करण्याची कृती. एकाच वहीत दोन-तीन पिढ्यांची अक्षरे. कृतीच्या शेवटी 'करून पाहिले, खरे ठरले' अशा अर्थाचा लॅटिन शेरा, आणि न जमलेल्या कृतीवर सरळ काट मारलेली. ॲन फॅनशॉ या बाईंची वही यात प्रसिद्ध आहे. नवरा माद्रिदला इंग्लंडचा वकील होता, म्हणून तिच्यात स्पेनमधून शिकून आणलेल्या गोष्टी आहेत. ही वही 1678 मध्ये तिने कॅथरिन या मुलीच्या हाती दिली. त्याहून बोलके उदाहरण लेडी रॅनलाचे. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्याचे नाव घेतले जाते तो रॉबर्ट बॉइल हा तिचा धाकटा भाऊ. 1668 पासून 1691 मध्ये दोघे वारेपर्यंत तो तिच्याच लंडनच्या घरी राहिला. औषधांच्या कृती तीही जमवत होती, तोही जमवत होता. एकाच छपराखाली, पुष्कळदा त्याच माणसांकडून. भावाचे कागद विज्ञानाच्या इतिहासात गेले, आणि बहिणीच्या नावाशी जोडलेल्या वह्या दीर्घकाळ 'घरगुती' या शिक्क्याखाली पडून राहिल्या. दोघांच्या पद्धतीत एवढे अंतर होते का? वाचणारे सांगतात, नव्हते.

आता आपल्याकडे वळू. पाकविद्येवर लिहिण्याची परंपरा इथे इंग्लंडहून जुनी आहे, पण ती पुरुषांच्या हातची. आजच्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या जेवणावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि मांड्यांसारखे आपल्या ओळखीचे पदार्थ आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या रघुनाथ नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहिले ते एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने. म्हणजे इथे बाई दिसते, पण आश्रय देणारी म्हणून. दुसऱ्या सरफोजींच्या काळात तंजावरच्या मुदपाकखान्यातील कृती मराठीत उतरवल्या गेल्या, 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने, आणि त्या सरस्वती महाल ग्रंथालयाने सांभाळल्या. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापले गेले. थोडक्यात, 'गृहिणीमित्र'च्या आधी पस्तीस वर्षे छापील पाकशास्त्र पुरुषाच्या नावावर होते. यावरून कोणी म्हणेल की हा प्रांत मुळात पुरुषांच्या बुद्धीचाच. पण लिहिणारा आणि चुलीपाशी बसणारा एकच असतो असे या परंपरेत गृहीतही धरलेले नाही. सोमेश्वराने स्वतः मांडे भाजले असतील असे कोणी मानत नाही. लिहिणे हा दरबाराचा अधिकार होता, माहीत असणे हा कोणाचा, हे ग्रंथ सांगत नाहीत.

लोकस्मृतीही या बाबतीत फारशी उदार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, पैठण तालुक्यातल्या आपेगावच्या भावंडांची कथा घ्या. मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. शेकडो वर्षे आपण या कथेत पाठीचे कौतुक करत आलो. मांडा हातावर पसरवत पातळ करायचा, फाटू द्यायचा नाही, तापलेल्या उतरणीवर नेमक्या क्षणी टाकायचा. हे ज्या मुलीला येत होते तिच्या विद्येबद्दल कथा अवाक्षर काढत नाही. तीच मुलगी ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावणारे अभंग रचणारी होती, तरीही. उलट तेराव्या शतकाच्या अखेरच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांभोवतीच्या बायका प्रश्नही विचारतात आणि रांधतातही, आणि म्हाइंभटांना दोन्ही गोष्टी नोंदवण्याजोग्या वाटतात. महदाइसेची जिज्ञासा आणि कोणी काय वाढले याचा तपशील त्या ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. मराठी गद्याने सुरुवात अशी केली होती. नंतर आपण ती दोन खाती वेगळी केली.

वहीत बुद्धी आहे म्हणजे नेमके काय आहे? पाकाचे उदाहरण घेऊ. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. तापमापक नसलेल्या घरात साखरेच्या द्रावणाची घनता आणि उष्णता दोन बोटांच्या चिमटीत मोजण्याची ही श्रेणी आहे, आणि कोणत्या पदार्थाला कोणती पायरी लागते याचा निर्णय तिच्यावर ठरतो. मोहन किती घालायचे? पीठ मुठीत दाबले की मुटका झाला पाहिजे. तेलाचे माप दिलेले नसते, कारण दर खेपेचे पीठ वेगळे असते. माप बदलते, कसोटी बदलत नाही. पुरण आटले कधी म्हणायचे? त्यात डाव उभा राहिला की. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवायच्या, म्हणजे पाकात विरघळत नाहीत. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी गेली असेल तर उकळते पाणी घेऊन मळायचे, नाहीतर भाकरी थापताना चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो आणि गरम पाण्याने पिठातले स्टार्च फुगून तो चिकटपणा काही अंशी भरून काढते, ही झाली पाठ्यपुस्तकातली भाषा. वहीत ती भाषा नाही, पण कार्य आणि कारण यांचा संबंध आहे: अमुक दिसले तर तमुक करा, न केल्यास असे होईल. 'अंदाजाने' हा शब्द आपण हलगर्जीपणाचा समजतो. खरे तर तो लिहिणारीला माहीत असते की इथे आकडा दिला तर फसवणूक होईल, म्हणून आकड्याऐवजी ती खूण देते. आकडा कुठे द्यायचा आणि खूण कुठे द्यायची हे ठरवणे हा बुद्धीचाच निवाडा आहे. आपण मात्र 'तिच्या हाताला चव आहे' म्हणून विषय संपवतो. एवढे गोड अवमूल्यन दुसऱ्या कोणत्या विद्येच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही.

अशी वही कालगणनेलाही उपयोगी पडते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. वजन-मापांचा दशमान कायदा 1956 चा, दशमान नाणी 1957 च्या 1 एप्रिलपासूनची. त्याआधीच्या पानांवर शेर, पावशेर, छटाक, तोळा. पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, पण गावोगावचा शेर वेगळा. पुढच्या पानांवर ग्रॅम येऊ लागतात, आणि जुन्या कृतीच्या डोक्यावर नव्या शाईने नवे माप चढते. आपल्या भागात हैदराबादचा हाली सिक्का चालत होता, तेव्हा हिशेबाच्या पानामागे लिहिलेली कृती कोणत्या राजवटीतली हे पान उलटून कळते. चूल, शेगडी, घासलेटचा स्टोव्ह, गॅस, कुकर. आच बदलली की शिजण्याच्या सूचना बदलतात. कृतीला बहुधा नाव असते: अमक्या वहिनींचा चिवडा, तमक्या मावशींची लसणीची चटणी, बदलीच्या गावच्या शेजारणीचा ढोकळा. विद्वानांच्या तळटिपेचे जे काम, तेच या नावांचे. माहिती कोठून आली, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, अडले तर कोणाला विचारायचे. माहेर, सासर, वाडा आणि नोकरीची गावे यांना जोडणारे ज्ञानाचे जाळे या नावांवरून काढता येते. बाळाची गुटी, बाळंतिणीचे अळीव आणि डिंकाचे लाडू, पोटदुखीचा काढा याच वहीत असल्याने फॅनशॉबाईंना ती वाचता आली असती तर परकी वाटली नसती.

पहिला आक्षेप इथेच येतो. या वह्यांतले निम्मे-अधिक तर उतरवून घेतलेले असते. 1930 साली 'स्त्री' मासिक निघाल्यापासून मासिकांतून, पुढे आकाशवाणीवरून, नातेवाइकांकडून. नक्कल म्हणजे विचार कसा? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. प्रत्येक वही म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. कित्येक वह्यांत पहिली दहा पाने हौसेने भरलेली आणि बाकीची कोरी असतात. पण मध्ययुगातल्या विद्वानांनी आयुष्यभर पोथ्यांच्या नकला केल्या आणि त्यांतून पाठभेदांचे सबंध शास्त्र उभे राहिले. नक्कल करताना काय घेतले, काय गाळले, कुठे फरक केला, हे पाहायचे असते. छापील कृतीत दोन वाट्या साखर आणि वहीत दीड, शेजारी 'फार गोड होते' असा शेरा. इथे वाचकाने लेखकाला खोडून काढलेले आहे, तेही करून पाहून. समासातल्या अशा शेऱ्यांची नोंद आपण ठेवतच नाही, म्हणून नक्कल तेवढी दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो स्त्रीवादी मैत्रिणींकडून येतो. स्वयंपाक ही बायकांवर लादलेली सक्ती होती. रमाबाई रानडे यांना घरच्या बायकांचा विरोध सोसून वाचायला शिकावे लागले. आता त्याच स्वयंपाकघराला विद्यापीठ म्हणून ओवाळायचे का? नाही, ओवाळायचे नाही. पण जात्याचे काय झाले ते आठवावे. पहाटे उठून दळणे हा जीव काढणारा कष्ट होता. गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, जात्यासाठी कोणी गळा काढला नाही. तरीही हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्या भरपूर आहेत, आणि त्या वाचून कोणी दळणाची सक्ती परत आणा म्हटले नाही. सक्तीखाली केलेला विचार हा विचारच असतो. तो मोजला नाही तर सक्तीने नेमके काय वाया घालवले याचाही हिशेब लागत नाही. दुर्गा भागवतांसारख्या, संसाराच्या चौकटीत न बसलेल्या विदुषीने 'खमंग' लिहिले, ते काही चुलीकडे परत जा असे सांगायला नव्हे. पदार्थ हा तिला लोकसंस्कृतीचा पुरावा वाटत होता.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड, आणि त्याचे उत्तर देताना माझे म्हणणे काहीसे बदलते. वही कोणाकडे होती? जिला लिहिता येत होते तिच्याकडे. म्हणजे मुख्यतः वरच्या जातींच्या, पगारदार घरांतल्या बायकांकडे. निजामाच्या राज्यात, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, मराठी मुलींच्या शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1915 साली सरस्वती भुवनसारखी संस्था निघाली तरी खेड्यातल्या बाईपर्यंत पाटी पोचायला पुढची कैक वर्षे गेली. म्हणजे मराठवाड्यात वहीचा आग्रह धरला तर बहुसंख्य बायका इतिहासाबाहेर राहतात. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली, तेव्हा मराठी पाकपुस्तकांनी काय काय वगळले होते ते उघडे पडले. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, वाट्याला आलेल्या प्रत्येक भागाचे वेगळे शिजवणे. पुण्यात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले तेही याच जाणिवेने. हजार पाकक्रियांतही यांना जागा नव्हती.

तेव्हा वही हे या विद्येचे एक रूप मानावे लागते, आणि लिहिलेले नाही तिथे तीच कसोटी लावावी लागते: निरीक्षण आहे का, खूण आहे का, दुरुस्ती आहे का? मीठ किती, ऊन किती दिवस, पट्टी किती जाड, म्हणजे शीतकपाटाविना मांस महिनोन्महिने टिकेल, हे ठरवणारी बाई निरक्षर असेल, अडाणी नव्हती. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, परदेशी लाल ज्वारी. कोणत्याही पुस्तकात तिची भाकरी नव्हती. खडी फोडून आलेल्या बायकांनी ते अनोळखी पीठ आपल्या काटवटीत मळून पाहिले, पाणी बदलले, आच बदलली आणि लेकरांच्या ताटात काहीतरी खाण्याजोगे पडेल असे केले. सबंध प्रांताने एकाच हंगामात केलेला हा प्रयोग कुठल्याही संशोधनपत्रिकेत छापून आलेला नाही. याउलट आपल्या शहराच्या नानखलियाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात मुहंमद तुघलक आहे, 1327 सालची राजधानी आहे, फौज आहे. पुरुषांच्या डेगेला सुलतान मिळाला, बायकांच्या काटवटीला कोणी मिळाले नाही.

छपाईने यात काय केले, तेही सांगायला हवे. कुंडल गावी जन्मलेल्या, जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली किर्लोस्करांनी छापले आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या. वाटी आणि चमचा ही घरात असतेच अशी मापे धरून त्यांनी कृती सांगितल्या, म्हणून माहेरापासून दूर, एकट्या संसार थाटलेल्या मुलीला स्वयंपाक शिकता आला. शिकवण्याच्या पद्धतीत हा मोठा शोध होता, आणि चौथी शिकलेल्या बाईने तो लावला याचे आपण पुरेसे आश्चर्यही केले नाही. पण छापताना वहिनी, मावशी आणि शेजारणी गळाल्या. समासातले शेरे गेले. पुस्तकाला एकच आवाज लागतो, वहीत चार-पाच आवाज भांडत असतात. म्हणून छापील पुस्तक उपलब्ध आहे ही वही टाकून देण्याची सबब होऊ शकत नाही. दुर्दैवाने घडते आहे ते नेमके हेच. वाडे पडतात, फ्लॅट होतात, आजीबाई जातात, आणि दागिने वाटून झाल्यावर तेलाचे डाग पडलेली वही रद्दीत जाते.

म्हणून गुलमंडीत, रंगार गल्लीत, औरंगपुऱ्यात, शहागंजात, तसेच उर्दू लिपीत वही लिहिणाऱ्या घरांतही, माझी विनंती आहे. वही देऊन टाका असे मी म्हणत नाही. तिच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्या, कोरी पाने आणि मागचे हिशेबही सोडू नका. आत ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि मासिकांची कात्रणे ज्या पानात आहेत तिथेच राहू द्या. डाग पुसू नका. कोणते पान जास्त वापरले हे तेच सांगतात. लिहिणारीचे नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि अंदाजे वर्ष वेगळ्या कागदावर नोंदवून सोबत ठेवा. जिथे वही नाही तिथे आईला, आत्याला बोलते करा, आणि 'किती घालायचे' एवढेच विचारून थांबू नका, 'झाले हे कशावरून कळते' हे विचारा. आपल्या विद्यापीठात ताराबाई शिंदे यांच्या नावाचे स्त्री-अभ्यास केंद्र आहे. या शहरातल्या आणि खेड्यांतल्या वह्यांच्या प्रतिमा आणि ध्वनिमुद्रणे एका जागी जमवण्याचे काम त्याने हाती घ्यावे, आणि या व्याख्यानमालेच्या चालकांनी पुढच्या वर्षापर्यंत निदान आपल्या सभासदांच्या घरांतली यादी करून द्यावी.